रियाजाला खरा तानपुरा घ्यावा की मोबाईलवरचा पुरे?

ऑफिस सांभाळून गाणं शिकणारे, डिसेंबरात रजा टाकून पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला, म्हणजे सवाईला, जाणारे, रात्री जेवणं उरकली की दार लोटून तासभर रियाजाला बसणारे असे आपल्यासारखे बरेच लोक आहेत आणि सगळे कधी ना कधी याच प्रश्नावर येऊन अडतात, की मोबाईलवरच्या तानपुऱ्यावर किती दिवस काढायचे, एकदाचा खरा घेऊन टाकावा का. मी दोन्ही वापरलेत, अजूनही वापरतो, म्हणून लिहितोय. पट्टी म्हणजे आपला सा कुठल्या स्वरावर धरायचा ते, जोड म्हणजे मधल्या दोन सारख्या तारा, खर्ज म्हणजे खालच्या सा ची जाड तार, एवढं सांगून ठेवतो, अ‍ॅप कुठून घ्यायचं हे तुम्हाला माहीत आहे असं धरूनच चालतो. आणि हे सगळं हौशी माणसाने हौशी माणसासाठी लिहिलंय, ज्यांना पुढे मैफली करायच्यात त्यांना त्यांचे गुरुजी काय ते सांगतीलच.

आधी अ‍ॅपच्या बाजूने बोलतो, कारण त्याने मला खूप दिलंय. माझी पट्टी काळी एक, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या स्वरावर सा, बायकोची काळी चार, आणि एका तानपुऱ्यावर दोघांचं भागत नाही. तारा तेवढ्या चढवल्या तर तुटतात, उतरवल्या तर ढिल्या पडून आवाजच धरत नाहीत, म्हणून तर पुरुषांचा आणि बायकांचा तानपुरा वेगळा बनतो. अ‍ॅपमध्ये बोट फिरवलं की झालं. आज मालकंस राग घ्यायचाय, पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणायची, एक टिचकी. मारवा किंवा पूरिया असेल तर निषाद, तेही तसंच. शिवाय सोबत तबला येतो, विलंबित एकताल लावून ठेवला की एकट्या माणसाचं काम होतं, आणि ही सोय खरा तानपुरा कधीच देणार नाही. बाहेरगावी गेलो, लग्नाला गेलो, हॉस्पिटलात कुणाजवळ रात्रीचं थांबायचं असलं तरी खिशात तानपुरा असतो. ही लहान गोष्ट नाही. रियाज तुटू न देणं हेच हौशी माणसाला सगळ्यात अवघड जातं आणि तिथे अ‍ॅपचा हात कुणी धरू शकत नाही.

मधे पेटीचा पर्याय येतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा. बंगलोरच्या राडेलने 1979 मध्ये पहिला काढला आणि मग हळूहळू सगळ्या क्लासेसमध्ये, रेडिओ ऐकून गाणं शिकलेल्या आपल्या काका-आत्यांच्या घराघरात ती पेटी पोचली. चांगली वस्तू आहे, फोन येत नाही, नोटिफिकेशन वाजत नाही, बटण दाबलं की सुरू. पण आज नव्याने घेणाऱ्याला मी पेटी घे म्हणणार नाही, कारण पेटीत जे मिळतं ते बरंचसं अ‍ॅपमध्ये मिळतं आणि जे अ‍ॅपमध्ये मिळत नाही ते पेटीतही मिळत नाही. म्हणून इथे सामना खऱ्याचा आणि अ‍ॅपचाच ठेवतो.

आता आवाज. मोबाईलच्या स्पीकरवर तानपुरा लावून जे ऐकू येतं त्याला पूर्ण तानपुरा म्हणता येत नाही. काळी एकचा मध्य षड्ज, म्हणजे मधला सा, साधारण 139 हर्ट्झला येतो, म्हणजे खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 च्या आसपास. एवढं खाली मोबाईलचा तो चिमुकला स्पीकर जातच नाही. तो फक्त वरचे वरचे स्वर देतो आणि खालचं आपला मेंदू भरून काढतो. सुरुवातीला फरक कळत नाही, पण मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, काम करायला लागलात की खालून आधार नाही हे जाणवायला लागतं, गळा खाली जातो आणि तिथे कुणीच नसतं. मग ब्लूटूथ स्पीकर येतो. तो बरा वाजतो, पण त्याची बॅटरी उतरली की आतली बाई भर षड्जात इंग्रजीत बोलायला लागते, शिवाय फोन आला की तानपुरा गप्प, आणि गळा हवेत. हेडफोन लावून बघितलं तर आपलाच आवाज आतल्या आत घुमतो आणि नकळत जोर लावून गायला लागतो. यातल्या प्रत्येक गोष्टीला उपाय आहे हे मला मान्य आहे, फ्लाइट मोड टाका, वायरचा स्पीकर घ्या, जुना फोन फक्त रियाजाला ठेवा. मी हे सगळं केलं आणि यापैकी कशामुळेही मी अ‍ॅप बाजूला ठेवलं नसतं.

ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. मी जे अ‍ॅप वापरत होतो त्यातला आवाज खऱ्या तानपुऱ्याचा, कुणीतरी नीट बसून रेकॉर्ड केलेला, जवारी, म्हणजे तारेचा तो झणकार, सुंदर, मला फार आवडायचा. एकदा रात्री बागेश्री घेऊन बसलो होतो, घर झोपलेलं, रस्त्यावरही आवाज नाही, आणि मला दुसऱ्या जोडाच्या मागे एक बारीक किर्र ऐकू आली. नख लागलं असेल, बोट तारेवर जरासं घासलं असेल, वाजवणाऱ्याच्या हातून कधीतरी झालेली एवढीशी गोष्ट. पुढच्या आवर्तनात परत तिथेच. त्याच्या पुढच्यातही तिथेच, तेवढीच, तशीच. आणि एकदा ऐकू आल्यावर ती ऐकू न येणं शक्यच राहिलं नाही हो. मंद्र मध्यमावर थांबायचं, स्वर स्थिर होऊ द्यायचा, आणि त्या वेळी कान मात्र स्वराकडे नाही, त्या किर्रची वाट बघत बसलेला, आता येईल, आता येईल, आली. लय कमी केली तर ती उशिरा यायची, वाढवली तर लवकर, पट्टी बदलली तर तिचाही स्वर बदलायचा. विलंबित आलापीला जी एक शांतता आत लागते ती त्या एका बारीक आवाजाने माझ्यापुरती संपली.

मग दुसरं अ‍ॅप घेतलं, त्यात रेकॉर्डिंग नाही, आवाज तयार केलेला, त्यामुळे किर्र वगैरे काही नाही. पण तिथे उलटं झालं. प्रत्येक तार प्रत्येक वेळी हुबेहूब तशीच, ना कमी ना जास्त, आणि असा सारखा आवाज थोड्या वेळाने ऐकूच येईनासा होतो, पंख्याचा येत नाही तसा. तानपुरा चालू आहे आणि आपण तो ऐकत नाही आहोत, याच्यापेक्षा तो बंद असलेला बरा. सगळ्याच अ‍ॅपमध्ये असं असेल असं मी म्हणत नाही, हल्ली काहींमध्ये मुद्दाम थोडा फरक पेरतात आणि ती खूपच बरी वाटतात, तुमच्या कानाला कदाचित काहीच खटकणार नाही. मला खटकलं आणि ते परत जागेवर बसलं नाही.

खऱ्या तानपुऱ्यात उलट कुठलीच दोन आवर्तनं सारखी नसतात. मधलं बोट पंचमाला, तर्जनी बाकी तिघींना, आणि हात कितीही बसला तरी प्रत्येक वेळी तार जरा वेगळी सुटते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लक्ष गेलं की हात सांगतो. गाता गाता मन भरकटलं, उद्याच्या मीटिंगमध्ये गेलं, की बोटाची लय बिघडते, खर्ज उशिरा पडतो, आणि आपण लगेच परत येतो. दांडी खांद्याला टेकलेली असते, तिच्यातून कंप अंगात उतरतो, कधी कान दांडीला लावून बघा, बाहेर जे ऐकू येतं त्याच्या कितीतरी पट आत चाललेलं असतं.

आणि लावणं. बहुतेक लोक यालाच घाबरून मागे फिरतात आणि ते बरोबरच आहे, सुरुवातीला फार जड जातं. खुंटी पिळली की ती तरी सटकते नाहीतर गरजेपेक्षा पुढे जाते, एक जोड लागला तोवर पंचम उतरलेला असतो, तासभर रियाजाला मिळालेला त्यातली पंधरा-वीस मिनिटं यातच जातात. मी पहिले काही महिने ट्यूनर लावून खुंट्या जवळपास आणायचो आणि मग तारांमधले बारीक मणी सरकवत कानाने बसवायचो, यात कमीपणा काही नाही. पण ट्यूनर फक्त स्वर सांगतो, जवारी सांगत नाही. घोडीवर, म्हणजे तारा ज्या तुकड्यावर टेकतात तिथे, तारेखाली जो दोरा असतो तो केसभर मागेपुढे करायचा, एका जागी तार मुकी वाजते, जरा पुढे सरकवला की पत्र्यासारखी, आणि मधे कुठेतरी एक जागा अशी असते की तार एकदम उघडते, आवाज लांबत जातो आणि त्याच्या आत वेगवेगळे स्वर फुलताना ऐकू येतात. चारही तारा अशा उघडल्या की खर्जातून गंधार यायला लागतो. कुठलीच तार गंधाराला लावलेली नाही आणि तरी तो समोर स्वच्छ उभा. खर्जाच्या पाचव्या पटीचा तो स्वर, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण आपण स्वतः लावलेल्या तारेतून तो पहिल्यांदा ऐकू आला त्या दिवशी मी गायलोच नाही, नुसता वाजवत बसलो. हार्मोनियमवरचा गंधार याच्यापेक्षा जरा चढा असतो, ते मग कुणी समजावून सांगावं लागत नाही. अ‍ॅपमध्येही हा गंधार असतो, चांगल्या स्पीकरवर ऐकू येतो, पण तो आयता मिळालेला असतो, आणि कानाचं जे शिक्षण होतं ते शोधण्यात होतं असं मला वाटतं.

याचा परिणाम मैफल ऐकण्यावर झाला आणि हे मला अपेक्षित नव्हतं. सवाईला किंवा कुठल्याही मैफलीला गायक बसल्यावर मागे वळून तानपुरे लावून घेतो, तबला लागतो, त्यात पाच-दहा मिनिटं जातात, लोक चहाला उठतात. मला आता तो वेळ मैफलीचाच भाग वाटतो. दोन तानपुरे एकमेकांत कसे मिसळतात, गायक हाताने वर-खाली अशी खूण करतो तेव्हा नेमकी कुठली तार बोचत होती, आणि मग एका क्षणी सगळं एक होतं आणि त्याचं तोंड बदलतं, हे सगळं दिसायला आणि ऐकायला लागलं. स्वर लावण्यासाठीच ओळखले जाणारे किराणा घराण्याचे लोक पहिला षड्ज लावतात तेव्हा श्रोते का हलतात हेही जास्त कळायला लागलं.

दुसरा फायदा कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपल्याकडे तानपुरा आहे आणि आपल्याला तो लावता येतो, हे चार लोकांना कळलं की बोलावणी येतात. कुणाच्या तरी घरी छोटी बैठक असते, बाहेरून एखादे तरुण गायक येणार असतात, आणि विचारतात तानपुऱ्यावर बसाल का. मैफलीतली ती सगळ्यात चांगली जागा आहे हो. गायकाच्या मागे हातभर अंतरावर, श्वास कधी घेतला ते ऐकू येतं, अवघड जागेच्या आधी पाठ कशी ताठ होते ते दिसतं, तबलजीचा डावा हात इतक्या जवळून पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनाही दिसत नाही. आणि आपलं काम एकच, लय न बदलता वाजवत राहायचं, दाद द्यायलाही हात मोकळा नाही. ज्याला गाणं ऐकायला आवडतं त्याने हे एकदा तरी अनुभवावं असं मला फार वाटतं. अ‍ॅपवर हे दार उघडत नाही. तसं हल्ली स्टेजवर दोन तानपुऱ्यांच्या बाजूला टॅब किंवा पेटीही लावलेली असते, मोठ्या हॉलमध्ये आधार म्हणून, त्यात मला काही गैर वाटत नाही.

त्रासही सांगायला हवा. पावसाळ्यात खुंट्या फुगतात, हलेनाशा होतात, उन्हाळ्यात तितक्याच सैल. एसी लावला किंवा बंद केला की सूर हललेला. खर्जाची तार तुटते ती नेमकी गुरुजी घरी यायच्या दिवशी, म्हणून तारांचा एक जादा संच घरात असावाच. वर्ष-दोन वर्षांनी घोडी झिजते, जवारी काढून घ्यावी लागते, तो कारागीर सगळीकडे मिळत नाही. घरात लहान मूल असेल किंवा दोन खोल्यांत पाच माणसं असतील तर तानपुऱ्याचा तो मोठा भोपळा ठेवायचा कुठे हा खरा प्रश्न आहे, एकदा तडकला की दुरुस्त होतो पण जिवाला लागतं. गवसणी, म्हणजे तानपुऱ्याची खोळ, मी स्वतः शिवली, आईची जुनी नऊवारी, मधे जुनी चादर घालून गोधडीसारखे धावदोरे घातले, भोपळ्याच्या बाजूला दोन पदर जास्त. तयार मिळते ती पातळ असते. हातशिलाईची मला तशी आवडच आहे, टीव्हीसमोर बसून महिनाभर रात्री थोडं थोडं करत गेलो, पण आवड नसेल तर शिंप्याकडून करून घ्या, फक्त आतून जाड घ्या.

ऑनलाइन शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तानपुरा खरा असो की अ‍ॅपचा, व्हिडिओ कॉल त्याला गोंगाट समजून कापून टाकतो, समोर गुरुजींना तुमचा कोरडा गळा तेवढा ऐकू जातो. झूममध्ये ओरिजिनल साउंडचं सेटिंग आहे ते चालू करा, बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि जे अमेरिकेत, कॅनडात आहेत त्यांना मी मोठा तानपुरा घ्याच असं छातीठोकपणे सांगणार नाही, तिथे हिवाळ्यात हीटरची हवा इतकी कोरडी होते की लाकूड आणि भोपळा दोन्ही आक्रसतात, खोलीत ह्युमिडिफायर ठेवणार असाल तरच. त्यांच्यासाठी आणि लहान घरांसाठी तानपुरी बघण्यासारखी आहे, आकाराने लहान, काहींना भोपळा नसतोच, चपटी पेटी असते, खर्ज तेवढा घुमत नाही पण स्वतः लावायचा आणि स्वतः छेडायचा सगळा फायदा मिळतो.

तेव्हा गाणं सुरू करून थोडेच महिने झाले असतील, अजून आवडतंय की नाही याचाच अंदाज घेताय, तर अ‍ॅपवर राहा, घाई नको. कामानिमित्त महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असाल तरी अ‍ॅपच. पण दोनेक वर्षं नेमाने बसताय, पट्टी ठरलीय, आणि एखाद्या बऱ्या मोबाईलवर जेवढे पैसे आपण तीन-चार वर्षांत सहज उडवतो तेवढे बाजूला काढता येत असतील, तर माझं मन खऱ्याकडे झुकतं. अ‍ॅप काढून टाकायची गरज नाही, माझंही आहे, तबल्यासाठी आणि प्रवासासाठी. बायको काळी चारवर त्याच्यावरच गाते आणि तिला ती किर्र आजही ऐकू येत नाही.

घ्यायचाच तर जमल्यास मिरजेला जाऊन घ्या. तिथे दीडशे वर्षांहून जास्त काळ हे काम चाललंय, सतारमेकर हे आडनावच पडलंय, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, 1937 मध्ये ते गेले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांच्या नावाने भीमसेनजींनी 1953 पासून पुण्यात जो महोत्सव भरवला तो आपण दर डिसेंबरात ऐकतो, तेव्हा वेळ काढून खाँसाहेब जिथे विसावलेत त्या दर्ग्यावरही जाऊन या. पावसाळा संपल्यावर जा. आपली पट्टी आधी गुरुजींकडून नक्की करून घ्या, दुकानात गेल्यावर ठरवू असं नको. एकाच दुकानात चार-पाच तानपुरे आपल्या पट्टीला लावून मागा, ते लावून देतात, घाई करत नाहीत. पॉलिश, नक्षी, हस्तिदंतीसारखी दिसणारी कलाकुसर याकडे शेवटी बघा. डोळे मिटून नुसती खर्जाची तार छेडा आणि ती किती वेळ टिकते, विझताना स्वर हलतो का ते ऐका, मग खुंट्या स्वतः फिरवून बघा, सटकत असतील तर तिथल्या तिथे बसवून घ्या. जवारी कशी काढली ते विचारा आणि दोरा कसा सरकवायचा ते त्यांच्यासमोर करून दाखवायला लावा. तारांचे दोन संच बरोबर घ्या. आणि परत येताना ट्रेनचं तिकीट काढाल तर वरचा बर्थ मागा, तारा उतरवून, गवसणीत घालून आडवा ठेवता येतो.